सोनेरी काठाचा कप

जीपच्या टपावर माझी बॅग बांधून झाली, तेव्हा पिशोरच्या स्टँडवर निम्मी भावकी गोळा झाली होती. पोरगी रशियन शिकायला रशियात जाते, तेही परक्या कुटुंबात राहून, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं. चुलते सगळ्यांदेखत म्हणाले, "महिन्यात रडत परत येती का नाय बघा." दादा, म्हणजे माझे वडील, दोरीची गाठ आवळत होते. वर न बघताच म्हणाले, "आमची हाय ती. ऱ्हाईल." तुम्ही गावकरी सगळे तिथं होतात, तुम्हाला आठवत असेल. तालुक्याचं गाव कन्नड येईपर्यंत मी तेच शब्द मनात घोळवत होते.

चुलत्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. महिन्याचीच बोली होती. वोल्गेकाठच्या त्या शहरात गालीना नावाच्या बाई मला घरी ठेवून घेणार होत्या, पण पटलं तरच. वसतिगृहात जागा नव्हती, त्यामुळं नाही पटलं तर सरळ परतीचं विमान. मी त्यांना तेत्या गाल्या म्हणायचे. तेत्या म्हणजे मावशी.

मावशींनी माझी अशी बडदास्त ठेवली की माझा जीव घाबरा झाला. घरचे सगळे टवके उडालेल्या जाड मगांतून चहा प्यायचे, मला मात्र सोनेरी काठाचा नाजूक कप. ताट उचलायला गेले की "सिदी, सिदी", म्हणजे बस, बस. तुम्ही म्हणाल, मजाच की. पण आपल्याकडं कपबशी कुणासाठी निघते आणि ताट कुणाला उचलू देत नाहीत, हे काय मला ठाऊक नव्हतं? पाहुण्यांना. आणि पाहुणे परत जातात.

महिना सरत आला तेव्हा त्या मला दाचावर घेऊन गेल्या. दाचा म्हणजे शहराबाहेरचं लाकडी घर आणि भोवती थोडी जमीन. बटाटे काढायचे होते. मला ओसरीत खुर्ची, पांघरूण आणि तोच कप. थोडा वेळ बसले, मग राहवेना. समोर उकरलेली काळी माती, आणि मी अद्रकवाल्याची लेक बसून बघतेय! उतरले, मातीत फतकल मारली आणि घरी अद्रक काढतो तसे हातांनी बटाटे काढायला लागले.

मावशी किंचाळल्याच. "थंड जमिनीवर बसतात का? उद्या लेकरंबाळं व्हायची आहेत तुला! आणि टोपी कुठंय?" दंडाला धरून उठवलं, बादली पालथी घालून तिच्यावर बसवलं, हातमोजे फेकले आणि पुढच्या सऱ्या दाखवून म्हणाल्या, ह्या तुझ्या. कुंपणापलीकडच्या आजोबांनी विचारलं, पाहुणी का? मावशी मान वर न करता म्हणाल्या, "नाशा."

आमची.

इतका अभिमान मला पदवी मिळाली तेव्हाही वाटला नाही. संध्याकाळी चहा जाड मगात आला. फोनवर दादांना सांगितलं, "मावशी लई ओरडल्या." ते हसायलाच लागले. "मंग ठिवली तुला." पुढच्या बाजारी त्यांनी चुलत्यांना चहा पाजला, असं आई सांगते. कारण मात्र सांगितलं नाही म्हणे.

आता मी त्याच शहरात दुभाषी आहे. आपल्याकडची पोरं डॉक्टरकी शिकायला येतात, पहिल्या आठवड्यात रडतात. मी सांगते, कुणीतरी ओरडेपर्यंत थांबा.

गेल्या हिवाळ्यात पिशोरला आले. आईनं ओवाळलं आणि चहा आणला तो कपाटातल्या नक्षीच्या कपबशीत. मी विचारलं, "पाहुणी हाय का मी?"

"लई दिसांनी आली, म्हणून गं," आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन तशीच अद्रकाच्या रानात गेले आणि बायकांच्या ओळीत बसले. बांधावरून आईचा आवाज आला, "अगं ए, वल्या केसांनी गारठ्यात कुठं बसलीस? तिकडं कुणी काय शिकवलं नाय व्हय तुला?"

शिकवलं होतं की! मला हसू आवरेना. दोन घरं आहेत मला, आणि दोन्हीकडं हक्कानं ओरडणारं माणूस आहे.

दुपारी घरी आलो. माझा चहा स्टीलच्या पेल्यात होता.