गवताला भोकं पाडणारे गोसावीकाका

गोसावीकाका माती हुंगायचे. गुडघे टेकून, खिशातल्या चाकूनं हिरवळीतून बोटभर लांबीचा तुकडा उपसायचे आणि डोळे मिटून तो नाकाशी धरायचे, डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तसे. मग उठून गुडघे झटकत म्हणायचे, "वर काय बघतेस पोरी? वरून सगळंच छान दिसतं."

आमची पहिली भेट भांडणाची होती. निदान माझ्या बाजूनं. त्या उन्हाळ्यात पाऊस गायब होता, इंग्लंडातल्या आमच्या मेडनहेडमधली घरोघरची लॉन्स काथ्यासारखी झाली होती आणि बागेला पाइप लावायला बंदी होती. मी गावाबाहेरच्या गोल्फ क्लबच्या फाटकावर पत्रकं वाटत उभी होते. 'तुमच्या टोमॅटोंना बंदी, यांच्या गोल्फला पाणी!' मथळा माझाच. आतून हाफ पँट आणि चिखलाचे बूट घातलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ आले. हाकलायला आले असणार, असं मला वाटलं. त्यांनी पत्रक घेतलं आणि पूर्ण वाचलं. पत्रक पूर्ण कुणी वाचत नाही, हे वाटणाऱ्याला विचारा. तळाशी माझं नाव दिसल्यावर मराठीत म्हणाले, "पेन आहे?"

"कशाला?"

"'संपूर्ण मैदान भिजवतात' हे खोटं आहे. मैदान तपकिरी पडलंय, आत ये, दाखवतो. पाणी देतो ते फक्त भोकाभोवतीच्या अठरा हिरवळींना, आणि तेही टाकीत साठवलेलं पावसाचं. हे खोड. खाली लिहिलंयस की क्लबवाले गावाशी बोलत नाहीत. ते खरं आहे. ते ठळक कर."

मी चडफडत खोडलं. कारण आत जाऊन पाहिलं, तर मैदान खरंच तपकिरी होतं.

कोल्हापूरकडची शेतकीची पदवी घेतलेला हा माणूस. बायको, शैलाकाकू, भूलतज्ज्ञ म्हणून इथल्या हॉस्पिटलात आल्या, तेव्हा हे सोबत आले. पदवी कुणी विचारली नाही. क्लबमध्ये गवत कापण्याच्या यंत्रावर लागले आणि पुढे त्या सगळ्या हिरवळींचे प्रमुख झाले. आपल्या लोकांना मात्र याची कोण लाज! लंडनच्या पिनर भागातल्या हॉलमधल्या गणपतीत डॉक्टर प्रधान त्यांची ओळख करून द्यायचे, "हे आमचे गोसावी, गोल्फ क्लबमध्ये असतात." जणू मेंबरच.

"गवत कापतो," काका लगेच पुरवणी जोडायचे.

"अरे, स्पोर्ट्स टर्फ मॅनेजमेंट म्हणा की!"

"म्हणा हो डॉक्टर. पण कापतो गवतच."

डॉक्टर प्रधान त्याच क्लबचे सभासद. त्यांनी गुडघे बदलून दिलेले पेशंट अर्ध्या बर्कशर जिल्ह्यात चालतात, हेही खरं. खोटं लिहायचं नाही, हे मी काकांकडूनच शिकले.

आता काकांच्या कामातली एकच गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, हिरवळ अगदी गालिच्यासारखी झालेली असताना, काका तिला हजारो भोकं पाडायचे. यंत्राच्या पोकळ सळ्या मातीचे तुकडे उपसून वर टाकायच्या. मग भोकांत वाळू झाडून भरायची, वर नवं बी. पंधरा दिवस चेंडू उड्या मारत जातो आणि मेंबर बोंबलतात. पण मेलेल्या मुळांचा थर साचून खालची माती गुदमरलेली असते, तिला हवा मिळते. ऑगस्टमध्ये जमीन उबदार असते म्हणून जखम भरते. ऑक्टोबरात भरत नाही. "गवताला श्वास आधी, शोभा नंतर," काका म्हणायचे. उपसलेली माती मी आमच्या सामुदायिक मळ्यासाठी घेऊन जायची. दर वर्षी, हातगाडीनं.

मग एका वर्षी गाडी घेऊन गेले तर माती नव्हतीच. यंत्र शेडमध्ये उभं होतं आणि अठराव्या हिरवळीपाशी काका आणि डॉक्टर प्रधान बोलत होते. डॉक्टर त्या वर्षी क्लबचे कॅप्टन झाले होते, पहिले भारतीय कॅप्टन. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी 'कॅप्टन्स डे', पिनरपासून बेसिंगस्टोकपर्यंतचे पाहुणे येणार.

"ऑक्टोबरमध्ये करा हो गोसावी. पाच आठवड्यांनी काय बिघडतंय?"

"डॉक्टर, लग्न आहे म्हणून तुम्ही ऑपरेशन पुढे ढकलाल का?"

"पेशंट फिट असेल तर ढकलतो की."

"हा फिट नाही." काकांनी चाकूनं तुकडा उपसून पुढे धरला. "वास घेऊन बघा."

डॉक्टरांच्या हातात गोल्फचा पांढरा ग्लोव्ह होता. ते हसले. "दिसतंय की छान! कमिटीचं ठरलंय."

मी वास घेतला. आठवडाभर ओलं राहिलेलं फडकं असतं ना, तसा. आंबट, कोंदट.

कॅप्टन्स डे झकास झाला. फोटो सगळ्या ग्रुपवर फिरले. मग भोकं ऑक्टोबरात पाडली, गार जमिनीत. ती मिटली नाहीत, बी उगवलं नाही, आणि डिसेंबरच्या ओलीत हिरवळींवर बशीएवढाले तपकिरी डाग उठले. बुरशी. फेब्रुवारीत सभा झाली. मी बाहेर पार्किंगमध्ये शैलाकाकूंच्या गाडीत बसले होते. काका बाहेर आले, सीटबेल्ट लावला आणि म्हणाले, "देखभाल नीट झाली नाही, असं मत घेऊन नोंदवलंय. राजीनामा दिला."

"तुम्ही तारखेचं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. ऑगस्टात सांगितलं होतं, आजही सांगितलं."

"आणि प्रधानकाका?"

"हात वर होता त्यांचा."

मी गाडीतून उतरले आणि डॉक्टरांना गाठलं. ते खरंच अवघडले होते. "बेटा, नथिंग पर्सनल. क्लबला कुणाला तरी जबाबदार धरावं लागतं ना."

कुणाला तरी! कुणाला तरी म्हणजे जो गुडघ्यांवर असतो त्याला. दिवाळीच्या फराळाला शेजारी बसवायचं, आणि सभेत त्याच्याविरुद्ध हात वर करायचा. माझ्या डोक्याला जी आग लागली, ती अजून विझलेली नाही आणि मला ती विझवायचीही नाही.

पुढच्या ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी मी मुद्दाम गाडी घेऊन गेले. नवा माणूस, तेच यंत्र, तीच भोकं. फाटकावर पाटी होती: 'कॅप्टनच्या पुढाकारानं हिरवळींचं नूतनीकरण. सहकार्याबद्दल आभार.' तारीख काकांची, पद्धत काकांची, आणि पुढाकार कॅप्टनचा.

मातीचा एक तुकडा रुमालात बांधून मी काकांकडे गेले. ते आता एका शाळेचं मैदान सांभाळतात. तुकडा हुंगला, बोटांनी मोडला, पुन्हा हुंगला. चेहरा खुलला. "सुधारतंय गं! पुढच्या वर्षी मुळं खोल जातील." ज्या हिरवळीवरून त्यांना घालवलं, तिच्यासाठी हा माणूस खूश होता. मला रडू आलं ते संतापानं.

मी लिहून आणलेलं पत्रक पुढे केलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि हात पुढे केला. "पेन."

'दगाबाज' खोडलं. "दगा नाही दिला. वाकून बघितलं नाही, एवढंच लिही." 'सर्व हिरवळी मेल्या' खोडलं. "अकरा. सात जगल्या." मग वर जाऊन स्वतःचं नाव खोडलं. "गवताचं लिही. माझं कशाला?"

त्यांची प्रत्येक दुरुस्ती आजवर बरोबर निघाली आहे. म्हणून इथे 'दगाबाज' नाही, आणि अकरा म्हणजे अकराच. फक्त ही शेवटची दुरुस्ती मी मानलेली नाही. त्या हिरवळी ज्यांनी इतकी वर्षं जगवल्या, त्यांचं नाव मधुकर गोसावी.