अनवरीबींचा ओटा

राजापेठेत शाहनवाजचं टाइल्सचं आणि नळांचं दुकान आहे. सल्ला द्यायला त्याला मोठं गिऱ्हाईकच लागतं असं नाही. नळाचा वायसर घ्यायला आलेल्या माणसालाही तो आधी खुर्चीवर बसवतो. "पाणी वाहून जायाले उतार देला का? घरात म्हातारं कोण हाये? मंग चकचकीत फरशी घेऊच नका, खरबडी घ्या." लोक ऐकतात, कारण त्याचं सांगणं खोटं निघत नाही. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! स्वतःच्या घरचं बाथरूम नवं करायला काढलं, तेव्हा घरात म्हातारं कोण आहे हा प्रश्न त्याला एकदाही सुचला नाही.

म्हातारी होती त्याची आईच. अनवरीबी माहेरच्या शेंदूरजनाघाटच्या. बोलणं निम्मं वऱ्हाडी, निम्मं उर्दू. नवरा अय्युब हयात असताना त्याने बायकोचे गुडघे दुखतात म्हणून न्हाणीच्या कोपऱ्यात एक ओटा बांधून दिला होता आणि त्याच्यापुढे खाली नळ. नमाजेआधी हात, तोंड, पाय धुवायचे, म्हणजे वजू करायचा, तो अनवरीबी त्या ओट्यावर निवांत बसून करत.

काम सुरू झालं त्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "बेटा, तेवढा ओटा राहू दे."

शाहनवाज हसला. "अम्मी, हे घर हाये, मशीद नाही. आता कोणी खाली नळ ठेवते का?"

त्या पुढे बोलल्या नाहीत. आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असा सोयीचा अर्थ त्याने काढला.

बाथरूम मात्र दृष्ट लागावी असं झालं. काचेचं पार्टिशन, छतातून कोसळणारा शॉवर, उंचावर बसवलेलं पांढरंशुभ्र बेसिन. शाहनवाज दुकानातल्या गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला थेट घरी आणू लागला. त्याची बायको अफिफा चहा करून करून थकली.

एका दुपारी त्याने जानरावांना आणलं. जानराव नुकतेच सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते आणि घर नीट करायच्या मागे होते. त्यांनी शॉवर सोडला आणि लहान पोरासारखे हसले. "वा, शाहनवाजभाऊ! माह्या घरी असंच पाह्यजे."

"अम्मीलेच विचारा कसं वाटते ते," म्हणत शाहनवाज ऐटीत आईच्या खोलीत गेला आणि उंबऱ्यातच थबकला.

अनवरीबी खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर कच्ची वीट. त्यांनी दोन्ही तळवे विटेवर टेकवले, धूळ झटकली, चेहऱ्यावरून फिरवले, मग हातांवरून. पाणी मिळालं नाही, किंवा दुखण्यात पाणी चालत नसलं, तर वजूच्या जागी मातीची मुभा असते, हे त्यालाही ठाऊक होतं. भिंतीपलीकडे जानरावांनी सोडलेला शॉवर धो धो वाहत होता.

"अम्मी, हे काय करून राहिली?"

त्या दचकल्या. वीट पदराखाली घ्यायला गेल्या. "बेसिनवर पाय जात नाही रे. एकदा उचलला, तं पडता पडता वाचली. तो हातातला फवारा घेतला, तं सारे कपडे वले होतात."

"अफिफाले म्हणायचं होतं."

"दिवसातून पाच वेळा पाय धुवाले सुनेले बोलावू?"

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. सांगितलं होतं. शाहनवाजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या शब्दावर आपण कसे हसलो होतो, ते त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

"तू लोकाईले दाखवते, खुश असते," त्या हळूच म्हणाल्या. "म्हटलं, काहाले पोराचं मन मोडा."

जानरावांना त्याने हात जोडून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीची वाट न पाहता स्वतः हातोडा घेतला आणि ती महागाची फरशी फोडली. अनवरीबी "राहू दे, राहू दे" करत राहिल्या. ओटा झाला, खाली नळ आला, भिंतीला धरायला दांडी आली. पहिल्यांदा त्यावर बसून पायांवर पाणी घेताना त्या हसल्या, तेव्हा शाहनवाजला वाटलं, सुटलो.

पण पुढे त्याच्या लक्षात आलं, नमाज झाली तरी अम्मी उठत नाही. पुन्हा पढते, मग पुन्हा. गुडघे धरून कण्हते आणि परत सुरू करते.

"इतका वेळ काय पढत असते, अम्मी?"

"मागच्या नमाजा. मातीवरच्या."

"त्या कबूल झाल्या असतीन. तुह्याजवळ इलाज नोयता."

"पाणी घरात होतं, बेटा," अनवरीबी म्हणाल्या. "पाणी असून माती काहून घेतली, असं वरती विचारलं तं मी काय तुह्यं नाव सांगू?"