द्राक्षं न पचलेली टाकी

इंदिरानगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर मी बायोगॅसची टाकी बसवली ती खरं तर थोरल्या भावासाठी. अंबडचा कारखाना आम्ही दोघांनी उभा केला होता. वाटणीच्या वेळी तो चार लोकांसमोर म्हणाला, "तुला नुसता भाव पाडता येतो, वस्तू बनवता येत नाही." ते अजून खुपतं. म्हणून सिलिंडरशिवाय शिजवलेलं जेवण त्याला गुढीपाडव्याला खाऊ घालायचं ठरवलं आणि आमंत्रणही देऊन टाकलं.

आधी शेणाचा काला, मग घरातला ओला कचरा. काही आठवड्यांनी निळी ज्योत लागली. पहिला चहा मी शेगडीपाशीच उभा राहून प्यायलो. परवाची मेथीची देठं आज पाणी उकळतात, हे डोळ्यांनी बघूनही पटत नव्हतं.

पण चहा झाला की ज्योत बसायची. जास्त गॅस हवा तर जास्त खाणं घालावं, असा मी विचार केला. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराशी तासभर हुज्जत घालून निर्यातीतून बाद झालेली द्राक्षं फुकट मिळवली.

"डिझेलच्या टेम्पोतून आणलीत ना?" बायको म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो आणि सगळे क्रेट टाकीत रिकामे केले.

सकाळी टाकीचा वरचा ड्रम कधी नव्हे इतका वर आला होता. काडी लावली, विझली. दुसरी लावली, तीही विझली. नळीतून फुस्स आवाज येत होता, पण पेटत काही नव्हतं. टाकी बसवणाऱ्याला फोनवर शिव्या घातल्या. "काय टाकलं होतं, शेठ?" त्यानं विचारलं. मी फोन ठेवला.

चूक द्राक्षांची असेल हे तरीही डोक्यात आलं नाही. आणखी आणायला बागेत गेलो. तिथे पेठ तालुक्यातून द्राक्षांच्या कामाला आलेली एक बाई क्रेट भरत होती.

"भाऊ, कोनाला घालता एवढी?"

"टाकीला. गॅस होतो."

"शेणावर चालती ना ती? मंग गाईचंच पोट समजा. गाईला नुसती द्राक्षं घाला, फुगंल, पन उठायची नाय."

मी तिला तुझं काम कर म्हणालो. पण अर्ध्या वाटेवर तिचं 'फुगंल' आठवलं. ड्रम वर आला होता तो फुगूनच. पोटात वारा चिक्कार होता, पेटणारा गॅस नव्हता.

मग खाणं बंद केलं. रोज थोडा शेणाचा काला, आंबटपणा मारायला चिमूटभर चुना आणि सकाळी एक काडी.

"अहो, सिलिंडर जोडून ठेवू?"

"हात लावू नकोस!"

पाडव्याच्या दोन दिवस आधी काडी लावताच ज्योत धरली. पाडव्याच्या दिवशी त्यावर वरण झालं, भाजी झाली, निम्म्या पुऱ्या तळून झाल्या आणि ज्योत बसली. बायकोनं सिलिंडर जोडला. भाऊ आता काय बोलतो, याची मी वाट बघत राहिलो.

तो जेवला, हात धुतले आणि गच्चीवर गेला. टाकीवर तळवा ठेवून उभा राहिला.

"आत्ता ऊन आहे. डिसेंबरात गारठली की काय करशील?"

"बघू," मी म्हणालो. हे मला सुचलंच नव्हतं.

टाकी चांगली झाली असं काही तो म्हणाला नाही. पण जी वस्तू चालतच नाही, तिचं डिसेंबरात काय होईल हे कोण विचारतं? राग अजून आहेच. दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी थंडीत टाकीला गुंडाळायच्या जुन्या गोणपाटांचा भाव पाडत उभा होतो.