पूररेषेतला दवाखाना

गुऱ्हाळावर रस आटेपर्यंत तोंडाला दुसरं काम नसतं. चुलवाणावर काहील चढवायची, म्हणजे ती भलीमोठी पसरट कढई, पाच माणसं मांडी घालून आत बसतील एवढी. मग बसायचं बोलत. माझ्या गुऱ्हाळावर असे किस्से हंगामभर साठतात. यंदाचे सगळे एकाच विषयावरचे निघाले. गावाला सरकारी दवाखाना मंजूर झाला आणि जागा ठरली नदीकाठच्या मळीत, म्हणजे गाळाच्या सपाट जमिनीत! मोठा पूर आला की तिथं पुरुषभर पाणी असतं. आम्ही म्हणत होतो, वर माळावर बांधा. एवढंच भांडण.

*

जागा बघायला साहेब लोक आले ते भर मे महिन्यात. नदी पार आटलेली, म्हशीसुद्धा गुडघाभर पाण्यात उभ्या. मोठे साहेब नव्हते, त्यांच्या हाताखालचे एक इंजिनियर होते. मळी बघून खूश झाले.

"काय सपाट जागा आहे! लेव्हलिंगचा खर्चच नाही."

आमचे तात्या गुळवे, म्हणजे गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारे, शेजारीच उभे होते.

"नदीच करून जाती की साहेब लेव्हलिंग. दर पुराला. फुकटात!"

साहेबांना वाटलं, तात्या कौतुक करताहेत. हसले बिचारे.

*

मग ते माळ बघायला वर आले. आल्याबरोबर नाकं मुरडली. एक, माळावर झाडं आहेत, पर्यावरणाचा प्रश्न येईल. झाडं म्हणजे चार बाभळी! त्यांच्याच सावलीत बसून साहेब लोक आमचं थंडगार ताक प्यायले. आम्ही म्हणालो, बाभळी सोडून बांधा की, माळ काय कमी आहे?

दोन, जागा लोकवस्तीपासून लांब पडते.

आता गंगाक्का पुढं झाली. तिचा ऊस दरसाल आमच्याकडं गाळायला येतो आणि उसाच्या आधी तिचा आवाज येतो.

"लांब? पावणं, पुरात अख्खं गाव हितंच असतंय की! माणसं, म्हसरं, कोंबड्या, समदी. तवा मोजा वस्ती!"

*

पूररेषेचा विषय निघाला, तसा इंजिनियर साहेबांनी तोडगा काढला. इमारत खांबांवर उचलायची. खाली पार्किंग, वर दवाखाना. पाणी खालून जाईल, दवाखाना कोरडाच्या कोरडा.

तात्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे पेशंटनं पोहत यायचं आन् मग जिना चढायचा, व्हय?"

"अहो, पुरात कोण येतं दवाखान्यात?"

इथं मात्र माझं डोकं सटकलं. कारण पुरात कोण येतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

*

मागच्या मोठ्या पुरात माझ्या बायकोला, सारिकाला, कळा सुरू झाल्या. आमचं घर पाण्यानं वेढलेलं, बोट दुसऱ्या गावात अडकलेली. आमच्याकडं पुरात काहिलीच पाण्यात घालतात. मीही तेच केलं. सारिका मध्ये निजलेली, गंगाक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, तात्या आणि मी दोन बाजूंनी बांबू टेकत माळाकडं निघालो. काहिलीला ना पुढा, ना मागा. सारखी गोल फिरायची.

अर्ध्या वाटेत मुलगी झाली.

पण रडेना. मग गंगाक्का ओरडली, "रडली की गं! रडली!" आणि तात्यांना म्हणाली, "तात्या, तिकडं बघ आन् बांबू मार!"

हे मी हसत सांगतो. पण ती रडेपर्यंतचा वेळ मी विसरलेलो नाही. पाणी वर्षभरात विसरणाऱ्यांचा मला राग येतो, तो त्यामुळंच.

*

शेवटी आमच्या भागातले पुढारी अण्णा गुऱ्हाळावर आले. मळीला लागून त्यांच्या मेव्हण्याची जमीन आहे. दवाखाना झाला की रस्ता होणार आणि रस्ता झाला की प्लॉट पडणार. हे गावात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही त्यांना गरम गूळ दिला. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "लई ताणू नका. मळीत नको म्हणालासा, तर दवाखाना शेजारच्या गावाला जाईल. मग बसा बोंबलत!"

खरंच गेला तर? एवढ्या वर्षांनी मिळालेला दवाखाना!

गंगाक्कानं पदर खोचला.

"जाऊ द्या की! ते गाव उंचावर हाय. पुरात निदान तिथं तरी जाता यील!"

अण्णांनी पुढचा गूळ घेतला नाही.

*

आणि परवा भूमिपूजन! मळीत मांडव, बँडवाले, अण्णा कडक इस्त्रीत. जिल्ह्याचे मोठे साहेब पहिल्यांदाच आले होते. ताटात नारळ, फुलं, कुदळ. आम्हीही गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काहील ठेवली, तिला हार घातला आणि पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: रुग्णवाहिका.

ट्रॅक्टर थेट मांडवासमोर उभा केला. बँड आपोआप थांबला.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आहेर हाय," गंगाक्का म्हणाली. "दवाखान्याची पयली ॲम्ब्युलन्स!"

अण्णा धावले, "साहेब, लक्ष देऊ नका, चेष्टा चाललीया."

साहेबांनी हात वर केला. "थांबा. यातून कोण गेलंय कधी?"

सारिका बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. "मी गेलीया. मुलगी ह्यातच झाली. ड्रायव्हर माझा नवरा हुता."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, काहिलीकडं पाहिलं, मग मागं वाहणाऱ्या नदीकडं. तेवढ्यात गंगाक्कानं ताटातला नारळ उचलला, काहिलीत ठेवला आणि मला म्हणाली, "घे रं ट्रॅक्टर, माळाकडं!"

मी घेतला. बँडवाल्यांना वाटलं, मिरवणूक निघाली. ते वाजवत मागं. बायका मागं, पोरं मागं. मांडवात उरले अण्णा, त्यांचे मेव्हणे आणि कुदळ.

साहेब त्यांच्या गाडीत जाऊन बसले. त्यांच्या ड्रायव्हरनं हे नंतर आम्हाला गुऱ्हाळावर येऊन सांगितलं. त्यानं विचारलं होतं, "साहेब, ऑफिसला घेऊ?"

साहेब म्हणाले, "नारळाच्या मागं घे."