सरांनी शिकवलेली अमेरिका

बी.ए.चा माझा एकच पेपर राहिला होता, अमेरिकेचा इतिहास. तो पेपर होता त्या दिवशी मी यवतमाळच्या दवाखान्यात बाळंतीण होऊन पडले होते. पुढच्या वर्षी कॉलेजात विचारायला गेले, तर खिडकीतले बाबू म्हणाले, "तो पेपर आता बंद होऊन राह्यला. ही उन्हाळी परीक्षा शेवटची." शिकवणारंही कोणी उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं तो पेपर शिकवणारे सर निवृत्त झाले होते. त्यांचं घर यवतमाळातच होतं. पत्ता बाबूंनीच दिला.

बाभुळगावच्या पुढे आमचा तांडा. बाळ सासूजवळ ठेवलं, नवऱ्याने मोटरसायकलवर स्टँडपर्यंत सोडलं आणि मी एसटीने यवतमाळला गेले. दार सरांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. काम सांगितलं तर त्या दारातच उभ्या राहिल्या.

"आता नाही शिकवत बाई ते. पुढच्या महिन्यात नागपूरले ऑपरेशन आहे, घशाचं. त्याच्यानंतर आवाजच राहणार नाही म्हणते डॉक्टर."

मी परत फिरणार होते. तेवढ्यात आतून घोगरा आवाज आला, "कोण आहे? येऊ दे तिले."

सर कूलरसमोर पलंगावर बसले होते. गळ्याभोवती पंचा होता. "जन्मात तंबाखूचा खर्रा तोंडात घातला नाही मी," ते म्हणाले, "तरी लोक विचारतात, किती खात होते म्हणून. बरं, तुह्यं कच्चं काय आहे?"

"सगळंच, सर."

ते हसले आणि हसता हसता खोकले. "मग देश जन्मला तिथून धरू. आवाज आहे तोवर बोलतो. उद्या येजो."

महिनाभर मी एक दिवसाआड जात होते. सर टेकून बसायचे, मी खाली सतरंजीवर. पुस्तक त्यांनी कधी उघडलं नाही. अमेरिका नुकती स्वतंत्र झालेली, फौज नावापुरती, आरमार नसल्यातच जमा, आणि तिकडे इंग्लंड-फ्रान्सची जुंपलेली. पहिल्या अध्यक्षाने जाहीर केलं की आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही. "लोक चिडले," सर सांगत. "स्वातंत्र्याच्या लढाईत फ्रान्सनं मदत केली अन् आता त्याच्याकडे पाठ? पण त्या माणसाला दिसत होतं, अजून एक लढाई झाली तर हा देशच राहत नाही. मैत्री करा, व्यापार करा, पण कोणाच्या भांडणात कायमचं बांधून घेऊ नका." असं सांगताना त्यांचा आवाज चढायचा, मग फाटायचा. काकू पाणी आणून ठेवायच्या आणि आत जायच्या.

एकदा मी पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेले. काकू भाजी निवडत होत्या. वर न पाहताच म्हणाल्या, "पोरगा तिकडंच आहे आमचा. अमेरिकेत. लहानपणी यांनीच त्याले मांडीवर घेऊन हेच सगळं सांगितलं. तो गेला, इथवर ठीक होतं. मग तिकडचं नागरिकत्व घेतलं, शपथ घेतली, त्याचा फोटो पाठवला. त्या दिवसापासून हे त्याच्याशी बोलले नाहीत. फोन आला की अंगणात जाते. आता बोलायचे दिवस मोजके राह्यले, अन् ते तुले देऊन राह्यले."

मी पेला मोरीत ठेवला. "काकू, मी नको येऊ काय?"

"तू नाही आली तर गप्पच बसन तो माणूस," त्या म्हणाल्या. "येत जाय."

त्यानंतरचा धडा खलाशांचा होता. इंग्रजांच्या युद्धनौका भर समुद्रात अमेरिकेची जहाजं अडवत आणि त्यांवरची माणसं उचलून नेत. "त्यांचं म्हणणं काय," सर सांगत होते, "की हा आमच्या राजाच्या राज्यात जन्मला, म्हणजे मरेपर्यंत आमचाच. अन् अमेरिकेचं म्हणणं, माणूस आपला देश सोडून दुसरा देश आपला म्हणू शकते. आमच्यात आला, शपथ घेतली, तो आमचा झाला. अठराशे बाराच्या युद्धामागं हेही एक मोठं..."

वाक्य तिथेच थांबलं. मला वाटलं घसा दुखला. मी वही सरसावून बसले होते. मी विचारलं, "सर, मग खरं कोणाचं?"

सर पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "तुले काय वाटते?"

परीक्षेत चालेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. जे होतं ते सांगितलं. "आमच्यात सर, लग्नात नवरी ढावलो गाते. रडून रडून घर सोडाचं गाणं असते ते. मी पण गायलं. तेव्हापासून मी सासरच्या तांड्याची. राशन कार्डातलं नाव बी तिकडंच. पण याडी, माय माझी, आजारी पडली तर मीच धावते ना. ती मले म्हणत नाही, की तू आता दुसऱ्याची."

सरांनी बोटाला गुंडाळलेलं पंच्याचं टोक सोडवलं. मग म्हणाले, "बेटा, आज इतकंच."

सरांनी मुलाला फोन लावला त्याच संध्याकाळी. हे मला काकूंनी दोन दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. "इतक्या वर्षांनी बोलले, अन् विचारलं काय तर, जेवला काय? तिकडं तर सकाळ होती. तो म्हणाला, बाबा, मी येतो. ऑपरेशनच्या आधी येतो."

त्या आठवड्यात सर वेगळेच दिसत. दाढी केलेली असे. आवाज मात्र उतरत चालला होता, शेवटी मला पलंगाजवळ सरकून बसावं लागे. नागपूरला जायच्या आदल्या दिवशी त्यांनी युद्धाचा शेवट सांगितला. इंग्रजांनी राजधानी जाळली होती. पुढे युरोपात तह झाला, पण बातमी जहाजाने यायची, तिला कित्येक आठवडे लागले. तोवर दक्षिणेत मोठी लढाई होऊन गेली. अमेरिका जिंकली. "त्या विजयानं साऱ्या देशाची छाती फुगली," सर कुजबुजले. "आम्ही एक देश आहो, हे तेव्हा खरं अंगात भिनलं. अन् जे मेले ते तह झाल्यावर मेले. हे लिहिजो पेपरात."

मुलगा ऑपरेशनच्या आधी आला नाही. भारताचा पासपोर्ट त्याने कधीच परत केला होता, आपल्याच घरी यायला त्याला व्हिसा लागत होता, आणि त्यात काही कागद अडला. तो नागपूरला पोचला तेव्हा सरांचा आवाज गेला होता, गळ्याला भोक पाडलेलं होतं आणि ते त्यातून श्वास घेत होते.

सरांना घरी आणल्यावर मी भेटायला गेले. सर झोपले होते. मुलगा अंगणात नळाचं पाणी भरत होता. बादली नळाखाली ठेवून त्याने विचारलं, "तूच ती बाबांची विद्यार्थिनी? तुझ्याजवळ त्यांचं काही रेकॉर्डिंग आहे का? शिकवतानाचं?"

"नाही दादा. माझा साधा फोन आहे."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "काय शिकवत होते?"

मी पायरीवर बसून सांगू लागले. खलाशांचा धडा आला तेव्हा तो समोर उकिडवा बसला. सर कुठल्या वाक्याला थांबले, मी काय विचारलं, काय बोलले, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. बादली भरून पाणी अंगणात वाहू लागलं होतं, पण नळ बंद करायला कोणी उठलं नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "रागात होते का?"

"नाही," मी म्हटलं. "रागात नव्हते."

तो आत गेला. दारातून मला दिसलं, तो सरांच्या पायांशी बसला होता. सर जागे झाले होते. उशाशी लिहून दाखवायला एक पाटी ठेवलेली होती, पण सरांनी ती घेतली नाही. त्यांनी मुलाच्या गालावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

सुट्टी संपल्यावर मुलगा परत गेला. माझा पेपर निघाला, मी पास झाले. पेढे घेऊन गेले तेव्हा सरांनी अर्धा पेढा हातात धरून ठेवला. गिळणं त्यांना जमत नव्हतं. कापूस वेचणीच्या दिवसांत ते गेले. मुलाला वेळेत येणं शक्य नव्हतं. शेजाऱ्याने फोन उंच धरला आणि त्याने तिकडून सगळं पाहिलं. पुतण्याने अग्नी दिला.

तेरवीनंतर मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी मला जेवायला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून बसल्या. "घरात कोणाचाच आवाज नाही आता," त्या म्हणाल्या. "तू येत जाय. काहीबी सांगत जाय. अमेरिकेचं असलं तरी चालते."

यवतमाळला काम निघालं की मी जाते. त्या तांदूळ निवडत असतात, मी सांगत असते. मध्येच पाहिलं तर त्यांचे हात थांबलेले असतात आणि डोळे दाराकडे लागलेले असतात. मग मी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगते.