तिसरी काय म्हणाली

गारुफालियाचं नशीब ती जन्मल्यावर तिसऱ्याच रात्री ठरलं, आणि ते अख्ख्या गावाला पाठ होतं. कुणाची सासू अंथरुणाला खिळली, कुणाकडे जुळी झाली, पाद्रीबाबांची कंबर धरली, की बोलावणं तिलाच. ती काही बोलायच्या आत समोरचा म्हणायचा, "अगं, तुझ्या कपाळीच लिहिलंय ना ते!" झालं. कपाळाशी कोण वाद घालणार?

आमच्या डोंगरात बाळ जन्मलं की तिसऱ्या रात्री नशीब ठरवणाऱ्या त्या तिघी देवी येतात. एक सूत कातते, दुसरी मोजते, तिसरी कापते. पण कापण्याआधी ती जे बोलते तेच खरं, बाकीच्या दोघींचं कुणी फारसं मनावर घेत नाही. त्यांच्यासाठी बाळाजवळ बुटकं टेबल मांडायचं, मध, पाव आणि सोललेले बदाम ठेवायचे, कुत्रा बांधायचा, कडी काढून ठेवायची आणि वाटेतली स्टुलं उचलायची. अडखळलेल्या देवीच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही. घरातली सगळ्यात वडील बाई बाळापाशी झोपते, ऐकायला. सकाळी ती सांगेल ते त्या बाळाचं आयुष्य.

गारुफालियाच्या वेळी ही वडील बाई म्हणजे तिची आजी, वासिलो. सकाळी चुलीपाशी बसून आजीनं सांगितलं: पहिली म्हणाली, पोर दणकट होईल. दुसरी म्हणाली, खूप जगेल. तिसरी म्हणाली, ही सगळ्यांची उस्तवार करील आणि हिचं स्वतःचं घर होणार नाही. आई रडली म्हणे. बापानं काही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरात म्हाताऱ्यांची रांग लागलेली, त्याला बरंच वाटलं असणार.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. संध्याकाळी ती माझ्या पायरीवर येऊन टेकायची आणि म्हणायची, "थकले गं, पोलिक्सो." तक्रार नाही काही, बाकीचे लोक रामराम करतात तसं ती 'थकले' म्हणायची. हाताला औषधी तेलाचा आणि आजाऱ्यांच्या कपड्यांचा वास. मग कुणीतरी हाक मारायचं आणि ती उठायची.

तिला एक स्थळ आलं होतं. लांब्रोस, लग्नांमधून क्लॅरिनेट वाजवायचा. त्यानं रीतसर मागणी घातली. तिचा बाप म्हणाला, "पोरीच्या कपाळी घर नाही, तुला कशाला फसवू?" लांब्रोस भर दुपारी झऱ्याकडे गेला तो परत आलाच नाही. गावानं लगेच निकाल लावला: पऱ्यांच्या राणीनं नेला. दुपारची वेळ, हातात वाद्य, आणि राणीला संगीताचं वेड; आणखी काय पुरावा हवा? बायकांनी झऱ्यावर मध ठेवला. राणीचं नाव घ्यायचं नाही म्हणून सगळ्याजणी 'ती भली बाई, ती भली बाई' करत होत्या. पुढं खाटकाचा मेहुणा बेल्जियमहून आला आणि सांगू लागला की लांब्रोस तिथं कोळशाच्या खाणीत काम करतो. त्यावर गाव काय म्हणालं? "बघा, राणीनं जमिनीखालीच ठेवलाय त्याला!" मला इतका संताप आला होता की मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. गारुफालिया मात्र म्हणाली, "खोकला होईल गं त्याला तिथं."

आईबाप गेले, भाऊ गेला. भावाच्या बायकोच्या, दियामांदोच्या घरात ती राबत राहिली. दियामांदो वाईट नाही, पण तिला लहानपणापासून बसल्या जागी पेला हातात मिळालेला. तिच्या मुलाची बायको वाया बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दियामांदोनं विषय काढला. मी तिथंच शेंगा सोलत होते.

"वन्सं, आज तुम्हीच झोपा बाळापाशी. घरात वडील तुम्हीच."

"झोपते," गारुफालिया म्हणाली.

"आणि नीट ऐका हं. पहिलीच मुलगी आहे. घराला असा एक हात लागतोच. तुम्ही आता थकलात. तुमच्यानंतर आमचं कोण करणार?" दियामांदो जराशी खाली वाकली. "तुमच्या आजीनं कसं स्पष्ट ऐकलं होतं! तसंच ऐका."

वाया पलंगावरून हे सगळं ऐकत होती. सासू बाहेर गेल्यावर तिनं माझा हात धरला. "पोलिक्सोमावशी, काहीही होऊ दे, पण माझ्या पोरीचं आत्यांसारखं नको." गारुफालिया तिथंच उभी होती. तिनं ऐकलं, आणि बदाम भिजत घालायला निघून गेली.

दुपारी आम्ही दोघी ते बदाम सोलत बसलो. माझ्याच्यानं राहवेना.

"गारुफालिया, एक विचारू? तुझ्या वासिलोआजीला खेचरानं लाथ मारली होती ना कानावर?"

"हो. माझ्या जन्माच्या आधी."

"माझी सासू सांगायची, चर्चची घंटा डोक्यावर वाजली तरी म्हातारी मान वर करत नसे. तिला हाक मारायची तर खडा मारावा लागे. मग त्या तिघींचं बोलणं तिनं ऐकलं कसं? त्या काय भोंगा घेऊन आल्या होत्या?"

ती बदाम सोलतच राहिली. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"की तिला ऐकू येत नव्हतं. जेवायला मीच बोलवायचे ना तिला, बाही ओढून. पोरवयातच कळलं."

"आणि तरी जन्मभर…"

"कुणीतरी करायलाच हवं होतं गं. माणसं आजारी पडायची काही थांबत नाहीत. लिहिलंय म्हटलं की कुणावर चिडावं लागत नाही. चिडायलासुद्धा अंगात बळ लागतं, पोलिक्सो. माझ्यात कधी उरलंच नाही."

मला रडू आलं. आवरायचा प्रयत्न केला, आवरलं नाही.

"तिकडं तोंड कर," ती म्हणाली. "बदाम खारट होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा दियामांदो काळ्या शालीत कॉफी घेऊन तयारच बसली होती. मुलगा दारात. वाया पलंगावर, बाळाला घट्ट धरून. गारुफालियानं आधी सावकाश रुमाल बांधला डोक्याला.

"बोला की, वन्सं! काय म्हणाल्या?"

"पहिली म्हणाली, आवाज मोठा होईल."

"बरं."

"दुसरी म्हणाली, पाय लांब होतील."

"आणि तिसरी?"

"तिसरी म्हणाली, हिचा कुणाला काडीचा उपयोग होणार नाही."

दियामांदोची कॉफी बशीत सांडली. "म्हणजे? आजारी माणसाला पाणी तरी देईल की नाही?"

"पाणीसुद्धा नाही. मी पुन्हा विचारून घेतलं."

"त्यांना असं विचारतात होय कुणी! तुम्ही काहीतरी भलतंच ऐकलंत!"

"माझे कान धड आहेत, वहिनी," गारुफालिया म्हणाली. "आजीसारखे नाहीत."

दियामांदो दोन्हीकडून अडकली. आजी बहिरी होती म्हणावं तर जन्मभर फुकट राबवून घेतल्याचा हिशोब निघणार; नव्हती म्हणावं तर आजचाही शब्द मानायला हवा. तिनं छातीवर क्रूस काढला, नजर लागू नये म्हणून थुंकली आणि उठून गेली. वायानं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. ते बराच वेळ हलत होतं.

रीतीप्रमाणे पोरीला आजीचंच नाव मिळालं, धाकटी दियामांदो. आता ती चांगली सात वर्षांची झालीय, अक्रोडाच्या शेंड्यावर असते नाहीतर नदीत असते. तिला कुणी काम सांगत नाही. सांगायला गेलं की थोरली दियामांदोच उसासा टाकते, "राहू द्या, तिच्या कपाळी नाही ते."

परवा गारुफालियाला ताप भरला. मी उशाशी बसले होते, पायाला मुंग्या आलेल्या. धाकटी दारातून डोकावली, तोंडात चेरीच्या बिया.

"अगं, आत्याआजीला पेलाभर पाणी दे," मी म्हटलं.

"नाही देणार," ती म्हणाली. "मी कुणाच्या उपयोगाची नाहीये." बी अंगणात थुंकून पळाली.

माझा हात शिवशिवला. पण गारुफालियानं पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले, आणि मी धरायच्या आत भिंतीला हात लावत कळशीपर्यंत गेली. पाणी ओतलं, उभ्यानंच प्यायली. तिला धाप लागली होती.

"ऐकलंस, पोलिक्सो?" तिचे डोळे चमकत होते. "एका दमात नाही म्हणाली! जराही अडखळली नाही!"