हलवा न चाखणारे अवरानिक्का

कोळिकोडच्या हलव्याच्या गल्लीत पंकजाक्षीला ओळखत नाही असा माणूस नाही. आरोग्य केंद्राची ही बाई अकरा वर्षं लोकांची बोटं टोचत हिंडते आहे. त्या गल्लीत साखरेचे रोगी मोजण्यापेक्षा निरोगी माणसं मोजणं सोपं. पंकजाक्षीचा हात हलका, आणि आपल्या आकड्यांचा तिला भलताच अभिमान. तो अभिमान अवरानिक्कांना महागात पडला.

अवरानिक्का सत्तरीचे हलवाई; 'इक्का' म्हणजे तिकडचं दादा. मधुमेह निघाल्यापासून नऊ वर्षं त्यांनी हलव्याचा कण जिभेवर ठेवला नव्हता. घाणा उतरवायचा कधी, हे ते बोटांनी ठरवायचे. चिमूटभर हलवा अंगठा आणि अनामिकेत दाबायचा, ताणून बघायचा, फडक्याला हात पुसायचा.

पूर्वी पंकजाक्षी त्यांना घरी तपासायची. यंदा दुकानातच तपासायचं ठरलं. ती जायची नेमकी घाण्याच्या वेळी. साबणाने हात धुवायला लावायचे, हे तिला शिकवलेलं होतं. पण चुलीजवळच्या म्हाताऱ्याला मोरीपर्यंत कशाला पिटाळायचं, म्हणून ती स्पिरिटचा बोळा फिरवून अनामिका टोचायची. आकडे आले तीनशे बारा, तीनशे चाळीस, तीनशे अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या.

"उप्पा, चोरून खाताय तुम्ही," मुलगा मुनीर म्हणाला.

"नाही रे, खरंच नाही."

"मग यंत्र खोटं बोलतं का?"

मुनीरने त्यांना घरी बसवलं. घरी ते वुझू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, नमाज पढायचे आणि मग तपासणीला बसायचे. आकडे झरझर खाली आले. मुनीरला आणखी कुठला पुरावा हवा होता? दोनदा त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय कापले. दुकानाच्या आठवणीने होतं, असं घरात ठरलं. पंकजाक्षीनेही मान डोलावली होती.

एका मंगळवारी ती गेली, तेव्हा इक्का अंगणात फणस सोलत बसले होते. त्यांनी हात पुसले, तिने टोचलं. तीनशे एकसष्ट.

"इक्का, काय हे," ती म्हणाली. "आता डॉक्टर इन्सुलिन सुरू करतील."

"सिस्टर, एक गरा तोंडात गेलेला नाही," सून सैनबा म्हणाली. ती सासऱ्यांची बाजू घेणारी बाई नव्हे. "मी डोळ्यांत तेल घालून समोर बसले होते."

पंकजाक्षीने यंत्रातल्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीच्या टोकाला एन्झाइम असतं. साखर भेटली की ते कामाला लागतं, त्यातून इवलीशी वीज निघते, आणि यंत्र ती मोजतं. साखर रक्तातली की फणसाची, हे त्याला कळत नाही.

"इक्का, साबणाने हात धुऊन या."

दुसरी पट्टी लावली. बहात्तर. यावर इन्सुलिन टोचलं असतं, तर म्हातारा रात्रीतून गेला असता. दोनदा फुटलेला तो घामही दुप्पट गोळ्यांचाच होता. तिला रडू आलं, लाजही वाटली. तिने सैनबाला त्यांना काहीतरी खायला द्यायला सांगितलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. गोळ्या कमी झाल्या.

पण काम तेवढ्याने संपत नव्हतं. संध्याकाळी इक्कांना घेऊन ती दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांदेखत मुनीरला म्हणाली, "तुझ्या उप्पांनी काही खाल्लं नव्हतं. बोटाला हलवा होता, आणि मी हात धुवायला लावले नाहीत. चूक माझी."

मुनीर कढईतला हलवा ढवळायचा थांबला.

"उप्पा, तुम्ही जोर देऊन सांगायचं होतंत की."

"सांगत होतो मी," अवरानिक्का म्हणाले. "तू यंत्राकडे बघत होतास."